हात लावून बघा

सोमवार, ३ तारीख

आजपासून मला बडबड करायचा पगार मिळणार! याच बडबडीपायी मी शाळेतले निम्मे तास वर्गाबाहेर काढले, आई मला आजही ‘रेडिओ’ म्हणते, आणि आता बघा, टेबल, फोन, फिरती खुर्ची, आणि काम काय तर बोला. आनंदाच्या भरात ही वहीसुद्धा घेतली. रोज लिहीन असं म्हणत नाही. माझं मला माहीत आहे.

दवाखाना चपलांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना असा अरुंद की समोरून कुणी आलं तर पोट आत घ्यावं लागतं. पण दार उघडलं की एकदम चकाचक. पांढऱ्या फरश्या, लिंबाच्या रंगाच्या खुर्च्या, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड. इथे लेझरने चेहऱ्याची वरची कातडी उडवतात आणि खालून नवी येते. मुरुमांचे खड्डे, वांग, भाजल्याचे डाग, सुरकुत्या, सगळं त्याबरोबर जातं. लोक घाबरतात, छप्पन्न प्रश्न विचारतात आणि डॉक्टरांना उत्तरं द्यायला वेळ नसतो. म्हणून मी.

डॉक्टरांनी हे मशीन आधी स्वतःवर चालवलंय. वय साठीच्या आसपास असेल, पण चेहऱ्यावर शोधून एक रेघ सापडायची नाही. मुलाखतीत त्यांनी माझ्या सर्टिफिकेटांपेक्षा माझी हनुवटीच जास्त पाहिली. तिथे कुकरच्या वाफेने भाजल्याचा डाग आहे. मी म्हटलं, हा माझा मी ठेवणार आहे, सवयीचा झालाय. ते हसले नाहीत. नर्स मात्र खो खो हसली. दिवसभर बर्फाच्या पिशव्या घेऊन पळत असते, म्हणून मी तिला बर्फताई म्हणायचं ठरवलंय. नाकावर हा एवढा तीळ आहे तिच्या, आणि तोही ती जाऊ देत नाही. आमचं जमणार.

खरं कारण लिहून टाकते. ही नोकरी मी धाकटीसाठी धरली. इथल्या माणसांच्या घरच्यांवर फुकट उपचार होतात. मुरुमांनी तिच्या गालांची चाळण केली आणि दोन वर्षांपासून माझी बहीण उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. आरशावर टॉवेल टाकून ठेवते. कॉलेज सुटलं, मैत्रिणी सुटल्या. आई लाँड्रीतून दमून येते आणि तिच्याकडे बघत बसते. मला माझी बहीण परत हवीय, बाकी काही नको.

बुधवार, ५ तारीख

तेच प्रश्न, तीच उत्तरं. झोपेतसुद्धा बोलेन आता.

दुखेल का? आधी बधिर करायचं मलम लावतो, तासभर थांबतो. मग रबर बँड ताणून सोडल्यासारखे चटके बसतात. सावळ्या रंगाला चालतं का? चालतं, पण मशीनची ताकद बेताची ठेवावी लागते, नाहीतर उजळायचं राहिलं बाजूला आणि काळे डाग पडतात. बाहेर कधी पडता येईल? आठवडाभर चेहरा लाल, सुजलेला, मग खपली, मग मोकळे. ऊन? अजिबात नाही. खपली काढली तर? काढलीत तर माझ्याशी गाठ आहे.

एका काकूंनी आवाज खाली आणून विचारलं की मिस्टरांना कळेल का. मी म्हटलं, काकू, तुम्ही केस कापलेत ते त्यांना कळलं होतं का? हसत हसत तारीख घेऊन गेल्या.

आणि खाज. खाज सुटली तर काय करायचं, हे विचारल्याशिवाय एकही जण फोन ठेवत नाही. डॉक्टरांनी उत्तर घोटून घेतलंय माझ्याकडून. खाज म्हणजे भरून येतंय, चांगलं लक्षण आहे, थंड पट्टी ठेवा. इतक्या वेळा म्हणते की काल आईला डास चावला तर तिलाही तेच ऐकवलं. आईने लाटणं उगारलं.

बर्फताई सांगत होती की जुनं मशीन कातडीला बारीक बारीक टोचायचं, आणि या नव्यात डॉक्टरांनी स्वतः काहीतरी फेरफार केलेत, त्यामुळे अख्खा थर एकसारखा निघतो. कुणाला सांगू नकोस म्हणाली. म्हणजे मला सांगून ही असं म्हणते, मला!

सोमवार, १० तारीख

आज मी भाव खाल्ला. एक मुलगी रडायलाच लागली, म्हणे माझा चेहरा जळाला तर? तेवढ्यात शाळेतल्या एक बाई तपासणीला आल्या. त्यांचे वांग मी यायच्या आधीच गेले होते आणि गाल असे झाले होते की बघत राहावं. मी सरळ त्या मुलीचा हात धरला आणि म्हटलं, बाई, हिला जरा हात लावून बघू द्या. बाईंनी गाल पुढे केला. मुलीने बोट फिरवलं, डोळे पुसले आणि आत गेली.

डॉक्टर दारातून बघत होते. संध्याकाळी त्यांनी ठरवूनच टाकलं की बरे झालेल्यांनी दुपारी येऊन खिडकीकडच्या रांगेत बसायचं आणि नवीन लोकांनी त्यांच्या गालांना हात लावून बघायचा. लोक आनंदाने तयार होताहेत. एवढी वर्षं तोंड लपवलेली माणसं ती, त्यांना मिरवायला मिळतंय. कल्पना माझी आहे हे मी चपलांच्या दुकानदारालासुद्धा सांगून आले.

एकच गोष्ट जरा खटकली. शाळेच्या बाईंनीही त्या मुलीच्या गालावर बोट ठेवलं होतं आणि ते लवकर काढलं नाही. खड्ड्याच्या कडेवर नख होतं. मी हाक मारली तेव्हा दचकल्या आणि सॉरी म्हणाल्या.

शुक्रवार, १४ तारीख

धाकटीचं झालं! मी तिला रांगेत पुढे घुसवली. असू दे, बाकीच्यांनी मोठ्या बहिणी करून घ्याव्यात.

रिक्षात ती ओढणीत तोंड घालून बसली होती. आत मलाही चष्मा घालून शेजारी उभं राहू दिलं. मलम लावल्यावर तिचे गाल लाकूड झाले आणि ती हसून म्हणाली की ओठ कुठे आहेत ते सापडत नाही. मग टिकटिक सुरू झाली आणि केस जळल्यासारखा वास आला. वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. तिने माझी बोटं इतकी घट्ट धरली की नखांचे वण उठले. डॉक्टर एका लयीत हात फिरवत होते, इस्त्री केल्यासारखा. मध्ये एकदा थांबून त्यांनी चष्म्याआडून माझ्या हनुवटीकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं.

घरी येताना तिने विचारलं, ताई, खाली मीच असेन ना? मी म्हटलं, नाही, खाली आमच्या डॉक्टरांचं टक्कल निघणार आहे. हसू नकोस, खपली ताणेल, असं मीच तिला दटावलं. मग दोघी तोंड दाबून हसलो.

आईने तिच्या उशाला बसून रात्रभर पट्ट्या बदलल्या.

शनिवार, २२ तारीख

खपली गेली. काय सांगू! पिठाच्या गोळ्यासारखे मऊ, सपाट गाल. तिने स्वतः आरशावरचा टॉवेल काढला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. मग एकटी, उघड्या तोंडाने, कोपऱ्यावरून पाव घेऊन आली. आई गॅलरीतून बघत होती आणि ढसाढसा रडत होती. मीही रडले. दोन वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून नेला असं वाटलं.

फोनवर मात्र एक नवीनच प्रश्न यायला लागलाय. शाळेच्या बाईंनी विचारला, मग एका सुतारकाकांनी, मग आणखी दोघा-तिघांनी. खाज सुटते, पण आपल्या चेहऱ्यावर नाही. समोरच्याचा डाग बघितला की सुटते. बाई म्हणाल्या, मिस्टरांच्या कानापाशी चामखीळ आहे, तिच्याकडे बघितलं की माझ्या दातांत, बोटांत, डोळ्यांच्या मागे खाज सुटते, जीव नकोसा होतो. मला हसू आलं. म्हटलं, बाई, खाज म्हणजे भरून येतंय, चांगलं लक्षण आहे, थंड पट्टी ठेवा. कुणाला ठेवू, त्यांना की मला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोघांना.

जेवताना धाकटी माझ्या हनुवटीकडे बघत होती. भाजी सांडली की काय म्हणून मी दोनदा पुसली.

मंगळवार, २५ तारीख

अक्षर वाचता आलं तर बरं.

दुपारी एक माणूस टॉवेल तोंडावर दाबून जिना चढून आला. शाळेच्या बाईंचा नवरा. टॉवेल भिजून लाल झालेला. जेवून सोफ्यावर पडला होता, जाग आली तेव्हा ती छातीवर बसलेली आणि हातात बटाट्याचं सोलाणं. चामखीळ काढली. मग म्हणे कड सरळ येईना म्हणून थोडं पुढे, मग आणखी पुढे. बर्फताईने टॉवेल उचलला. कानशिलापासून जबड्यापर्यंत कातडीच नव्हती. दात गालातून दिसत होते. मी प्लास्टिकच्या झाडात ओकले.

आणि बाई? त्या त्याच्याआधीच येऊन खिडकीकडच्या रांगेत बसल्या होत्या. एक नवीन काकू त्यांच्या गालाला हात लावून बघत होत्या! बाईंनी नवऱ्याकडे बघून च्च च्च केलं. वहीत कुणी गिचमिड अक्षर काढल्यावर करतात तसं. पोलीस घेऊन गेले तेव्हा शांतपणे गेल्या.

डॉक्टर म्हणाले, घरगुती भांडण आहे, कुणी विचारलं तर तसं सांग. मी सांगितलं. देवा, मी तसंच सांगितलं.

घरी आल्यावर धाकटीला विचारलं, तुला खाज येते का गं, दुसऱ्याकडे बघून? नाही म्हणाली. फार पटकन म्हणाली. सुऱ्या, किसणी, सोलाणं, बाथरूममधली वजरी, सगळं पिशवीत भरून कपाटावर टाकलं. आईला सांगायला गेले तर ती माझ्यावरच उखडली. पोर दोन वर्षांनी हसतेय, तुझ्या डोक्यात काय भरलंय म्हणाली.

गुरुवार, २७ तारीख

रांग मी बसवली. मी.

आज सगळे आले होते, कुणालाही बोलावलं नव्हतं. सपाट चेहरे, एका ओळीत, सगळे दाराकडे बघत. नवीन माणूस एकच होता, बसचा ड्रायव्हर, गालांवर देवीचे असावेत तसे खोल वण. सवयीने मीच म्हणाले, हात लावून बघा.

सुतारकाकांनी त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने खिशातून पॉलिश पेपर काढला, लाकूड घासायचा, जाड दाण्याचा. मला वाटलं बाकीचे अडवायला उठले. ते पाय धरायला उठले. मिस्टरांना कळेल का विचारणाऱ्या त्या काकू त्याच्या गुडघ्यांवर बसल्या. घासल्याचा आवाज येत होता, आणि वर ड्रायव्हरचं ओरडणं, आणि मग ओरडण्यात गुळण्या. लिंबू रंगाच्या खुर्च्यांवर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या. नाक राहिलं नाही त्याचं.

मी प्लास्टिकच्या झाडाची कुंडी उचलून सुतारकाकांच्या डोक्यात घातली. त्यांनी वळून बघितलं. रडत होते. म्हणाले, पोरी, सहन होत नाही गं, समजून घे. मग त्यांची नजर माझ्या हनुवटीवर आली.

बर्फताईने मला जिन्यात ओढलं. ड्रायव्हर वरच राहिला.

शुक्रवार, २८ तारीख

पोलिसांनी काल बरेच जण नेले, डॉक्टर मात्र त्यांना सापडले नाहीत. धाकटीचं नाव मी दिलं नाही. देऊ कशी? तिला त्या सगळ्यांबरोबर कोंडतील. ती रडते. ताई, मला कळतंय गं, पण बोटांत येतं, म्हणते. आजचा दिवस तिला उशीच्या अभ्र्यात हात घालून, मनगटांवर गाठी मारून बसवलंय. तिनेच मारायला सांगितल्या.

उतारा असेल तर डॉक्टरांकडेच असणार, म्हणून दवाखान्यात गेले. दाराला पोलिसांचं कुलूप होतं, पण मागचा जिना उघडा. आत टिकटिक चालू.

बर्फताई टेबलावर. सामान न्यायला परत आली असणार. पट्ट्यांनी बांधलेली. मलम नाही, चष्मा नाही. डॉक्टर तिचे केस मुठीत धरून — तीळ केव्हाच गेला होता, नाक गेलं होतं, ते थांबलेच नव्हते, थरामागून थर, खालचं पांढरं हाड काळं पडेपर्यंत — तिची टाच टेबलावर आपटत होती. मी मेन स्विच पाडला. अंधारात डॉक्टर अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, उतारा नाही. सगळं एकसारखं झाल्याशिवाय थांबत नाही.

मग माझ्याकडे चालत आले. हातात येईल ते घेऊन मारलं. ऑक्सिजनची छोटी टाकी असावी. ते पडल्यावरही मी मारत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. त्यांचा चेहरा आता सपाट नाही.

बर्फताई टाच आपटायची थांबली होती.

शनिवार, २९ तारीख

सकाळी आई कामावर गेली. जाताना तिने धाकटीच्या गाठी सोडल्या. मी झोपले होते — का झोपले मी —

उठले तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून बटाटे सोलत होती. कपाटावरची पिशवी खाली. बटाट्याचा एकेक डोळा काढायचा, मग खाली दुसरा डाग दिसायचा, मग तोही. सगळ्या बटाट्यांचं काहीच उरलं नव्हतं. शेजारी सालींचा ढीग. तिच्या बोटांची टोकंही त्यातच.

मी नाव घेतलं तिचं. तिने वर बघितलं. इतकी सुंदर दिसत होती —

शनिवार, नंतर

बाथरूममध्ये आहे. कडी लावलीय. वही अंगावरच्या झग्याच्या खिशात होती.

हनुवटी गेली. खालचा ओठ अर्धा. टॉवेल दाबलाय. एका हाताने लिहिते. दुखत नाहीये, हे बरं नाही, मी लोकांना सांगायचे की दुखायला हवं.

ती दाराबाहेर आहे. दार घासतेय. हळू, एका लयीत. रडतेय. ताई, थोडंच राहिलंय गं, कड सरळ करू दे, मग मी शांत होईन. मी म्हटलं, नंतर कुणाचं करशील?

मग म्हणाली, आईच्या डोळ्याखाली वांग आहे.

शनिवार

आज आईचा अर्धा दिवस. येईलच. तिच्याकडे किल्ली आहे.

फोन बाहेर. झरोक्यातून ओरडले, खाली कुणी नाही. आणि आई जिन्यात असेल तर — मी ओरडले तर ती धावतच येईल. तिला ओळखते मी. ओरडायचं नाही.

घासणं थांबलं.

ती बाहेरच्या दाराशी गेली. स्टूल ओढल्याचा आवाज. बसली. तिथे बसून वाट बघतेय. गुणगुणतेय, लहानपणी खेळताना गुणगुणायची तसं.

माझी धाकटी.

इथलं दार जाड आहे. बाहेरून उघडत नाही. आतून कडी लागली की आईला फोडता यायचं नाही, शेजारचे येईपर्यंत तरी. तोवर धाकटी आत राहिली पाहिजे. माझ्याजवळ.

हाक मारली. म्हटलं, ये, करू देते तुला, कड सरळ कर. माझं झालं की शांत होशील ना?

स्टूल वाजलं. येतेय.

जिन्यात चपला. आईच्या.

लवकर ये गं राणी. लवकर. कडी काढलीय. तिला आत घेते आणि परत ला